दूरचा डोळा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. घराच्या दारावर कॅमेरा बसवावयाचा आहे. परगांवीं असतांना मोबाईलवर घर दिसलें पाहिजे. आणि खर्च बेताचा झाला पाहिजे. तर कोणता घ्यावा? पत्रें लिहिणारांत दोन वर्ग दिसतात. ज्यांचीं वडील माणसें गांवच्या घरीं राहिलीं आहेत आणि मुलें पुण्यास, बंगळुरास किंवा अमेरिकेंत आहेत, अशांचा एक. व ज्यांच्या घरांत एरव्हीं माणसांचा राबता असतो, पण लग्नकार्याला सर्व मंडळी एकदम बाहेर पडते आणि घराला कुलूप लागतें, अशांचा दुसरा. एका भगिनींनीं तर कळविलें आहे कीं, दुकानदार दहा नांवें सांगतो, थोरले दीर अकरावें सांगतात, आणि सासूबाई म्हणतात कीं असला डोळा घरांत मुळींच नको. या तिघांत सासूबाईंचा मुद्दा आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. परंतु त्याकडे मागाहून वळूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दुरून दिसणें आणि दुरून कांहीं करतां येणें यांत फार अंतर आहे. संजयामुळें धृतराष्ट्राला रणांगणावरची खडान्‌खडा हकीकत घरबसल्या कळत होती. पण त्यामुळें त्याचा एक तरी मुलगा वांचला असें नाहीं. सॅन होझे येथें नोकरीस असलेल्या मुलाला साताऱ्याच्या घराच्या दारांत रात्रीं दोन वाजतां उभा असलेला माणूस स्वच्छ दिसेल. त्याच्या घड्याळांत त्या वेळीं दुपार असल्यामुळें तो जागाही असेल. परंतु तो करणार काय? तेव्हां कॅमेऱ्याची किंमत विचारण्यापूर्वीं, हांक मारतांच दहा मिनिटांत दाराशीं येईल असें माणूस कोण, हें ठरवावें. त्या माणसापाशीं घराची एक किल्ली असावी. त्याचा नंबर व जवळच्या पोलिस ठाण्याचा थेट नंबर परगांवच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें असावा. थेट नंबर अशासाठीं कीं, ११२ हा तातडीचा क्रमांक अमेरिकेंतून फिरविल्यास साताऱ्याच्या पोलिसांस लागत नाहीं. ज्या घरानें एवढी व्यवस्था केली त्याच्या उपयोगी दोन हजारांचा कॅमेरा पडेल; ज्यानें केली नाहीं त्याला वीस हजारांचाही, चोरी कशी झाली तें पाहण्यापुरताच.

गंमत अशी कीं, ही वस्तु ज्यांनीं प्रथम कल्पिली त्यांनीं हा विचार पुरता केला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही परिचारिका. तिचे व तिच्या पतीचे कामाचे तास निराळे असल्यामुळें तिला घरांत वेळीं-अवेळीं एकटें राहावें लागे, आणि पोलिसांना बोलाविलें तरी ते येण्यास उशीर होई. म्हणून दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकें ठेवून त्यामागें सरकता कॅमेरा बसवावा, आंत टेलिव्हिजनच्या पडद्यावर बाहेरचा माणूस पाहावा, त्याच्याशीं बोलावें, आणि बटण दाबून दार उघडावें अथवा मदतीस कळवावें, अशी योजना त्या दंपतीनें १९६६ सालीं पेटंटसाठीं सादर केली. २ डिसेंबर १९६९ रोजीं तें पेटंट मंजूर झालें. पाहणें, बोलणें आणि मदत मागविणें हीं तिन्ही अंगें तींत एकत्र होतीं. आजच्या बाजारांत पाहण्याचें अंग तेवढें अफाट वाढलें आहे.

आतां वस्तूकडे वळूं. वाय-फायवर चालणारा साधा घरगुती कॅमेरा दीड ते तीन हजार रुपयांत मिळतो, आणि एका दारासाठीं याहून अधिक खर्चण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. जाहिरातींत ठिपक्यांच्या संख्येचा मोठा डांगोरा असतो. १०८० ओळींचें, म्हणजे सुमारें वीस लाख ठिपक्यांचें चित्र, दाराशीं आलेल्याचा चेहरा ओळखण्यास पुरेसें आहे. अंगण मोठें असून फाटकावरचें माणूसही ओळखूं यावें अशी इच्छा असेल तर तीस-चाळीस लाख ठिपक्यांचा घ्यावा. मात्र ठिपके वाढले म्हणजे साठवणीची जागा अधिक लागते व इंटरनेटवर भारही अधिक पडतो.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी खोक्यावर बारीक अक्षरांत असतात. एक, उजेडाकडे तोंड करून पाहण्याची शक्ति. पूर्वेकडे दार असलेल्या घरांत सकाळचें ऊन थेट आंत येतें, आणि माजघराकडून दाराकडे रोखलेल्या स्वस्त कॅमेऱ्याला दारांतला माणूस केवळ काळी आकृति दिसतो. यावर जी सोय असते तिला डब्ल्यूडीआर असें नांव आहे. ती खरी कीं नांवापुरती, हें दुकानाच्या उघड्या दारासमोर कॅमेरा धरून पाहिल्यावांचून कळत नाहीं, आणि तसें पाहूं न देणाऱ्या दुकानांत खरेदी करूं नये. दुसरी, रात्रीची दृष्टि. बहुतेक कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून अंधारांत काळें-पांढरें चित्र घेतात. हा प्रकाश कांचेवरून परततो. म्हणून खिडकीच्या कांचेआडून बाहेर पाहण्यासाठीं ठेवलेला कॅमेरा दिवसा उत्तम चालतो आणि रात्रीं त्याला स्वतःच्याच दिव्याचा पांढरा डाग दिसतो. पुष्कळ लोक ‘यंत्र बिघडलें’ म्हणून परत नेतात तें हेंच.

मान वळविणारा घ्यावा कीं स्थिर? दिवाणखान्यासाठीं अथवा चौकासाठीं फिरता कॅमेरा सोयीचा. पण दारावर आम्ही स्थिरच पसंत करतों. फिरत्या कॅमेऱ्याला नातवंडांनीं मोबाईलवरून तुळशीवृंदावनाकडे वळवून ठेवलें आणि तो तसाच राहिला, तर दाराचें कोणी पाहावें? उंची आठ-नऊ फूट असावी. त्याहून खालीं हात पोंचतो. फार वर बसविल्यास चेहरा न दिसतां टोपी तेवढी दिसते. बाहेर पावसांत लावावयाचा असेल तर आयपी ६५ किंवा ६६ हा अंक पाहून घ्यावा, आणि कोंकणांत असाल तर त्या अंकावरही न विसंबतां वर लहानसें छप्पर करावें.

दिसलेलें साठवावयाचें कोठें, येथें खरा खर्चाचा प्रश्न येतो. कॅमेऱ्यांतच लहान कार्ड घालतां येतें. किंवा कंपनीच्या दूरच्या भांडारांत चित्रें ठेवण्यासाठीं दरमहा वर्गणी भरतां येते. सेकंदास एक मेगाबिट या मानानें सतत नोंद केली तर दिवसास १०.८ गीगाबाइट भरतात. म्हणजे १२८ गीगाबाइटच्या कार्डावर सुमारें अकरा दिवस मावतात, आणि मान दुप्पट असेल तर पांच-सहा. नंतर जुनें पुसून त्यावर नवें लिहिलें जातें. हालचाल झाली तेवढीच नोंद ठेविली तर हेंच कार्ड कितीतरी अधिक पुरतें. सतत लिहिलें-पुसलें जाण्यासाठीं मुद्दाम बनविलेलीं टिकाऊ कार्डें निघतात. थोडे पैसे अधिक देऊन तींच घ्यावीं. कार्डाची उणीव एकच, पण ती मोठी आहे: चोरानें कॅमेरा उपटून नेला कीं पुरावाही त्याच्याबरोबर गेला. वर्गणीनें ही भीति जाते. मात्र तीन वर्षांच्या वर्गणीची बेरीज करून पाहावी, ती बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जाते. आमचें मत असें कीं, कार्ड असावें, आणि हालचाल होतांच मोबाईलवर चित्रासह सूचना पाठविण्याची सोय वर्गणीशिवाय मिळते कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच विचारावें.

वीज व इंटरनेट यांवांचून हें सर्व फोल आहे. वीज गेली कीं राऊटर बंद, राऊटर बंद कीं दूरचा डोळा मिटला. राऊटरला चार-सहा तास जागें ठेवणारी लहान बॅटरी मिळते. ज्या गांवीं भारनियमन आहे तेथें कॅमेऱ्याच्या बरोबरच तिचा खर्च धरावा व कॅमेऱ्यालाही तसाच आधार द्यावा. स्वस्त कॅमेरे पुष्कळदां २.४ गीगाहर्ट्‌झच्या लहरींवरच चालतात, ५ वर नाहीं. त्या लहरी भिंतींतून अधिक पार जातात हें खरें, पण जुन्या वाड्याच्या दोन हात रुंद भिंतीपुढें त्यांचेंही चालत नाहीं. म्हणून कॅमेरा खिळ्यास लावण्यापूर्वीं त्या जागीं मोबाईल धरून वाय-फाय पोंचतें कीं नाहीं तें पाहावें. गांवच्या बंद घरांत तारेचें इंटरनेट नसल्यास मोबाईलचें सिमकार्ड घालावयाचे कॅमेरे आहेत. त्यांत तें रिचार्ज वेळच्या वेळीं करण्याची आठवण कोणीतरी अंगावर घ्यावी लागते.

आतां नाजूक भाग. घराकडे पाहणारा डोळा घरच्यांचाच राहील कशावरून? २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील अनेक मोठीं संकेतस्थळें तासन्‌तास बंद पडलीं. त्या हल्ल्यासाठीं जी फौज वापरली गेली तींत लोकांच्या घरांतले कॅमेरे व राऊटर होते. कारखान्यांतून आलेला पासवर्ड मालकांनीं बदलला नव्हता, एवढ्यावर तीं यंत्रें परक्याच्या ताब्यांत गेलीं होतीं. २०२३ मध्यें अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें रिंग या कंपनीवर, तिच्या नोकरांस व कंत्राटदारांस ग्राहकांचीं खासगी चित्रें पाहतां येत होतीं असा आरोप ठेविला, आणि कंपनीनें ५८ लाख डॉलर देऊन तें प्रकरण मिटविलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें वाईझ कंपनीच्या सुमारें १३,००० ग्राहकांस दुसऱ्यांच्या घरांतील चित्रें दिसलीं, असें तिनेंच जाहीर केलें. वर्गणीवर चित्रें दूर ठेवण्याचा विचार करणारांनीं हीं दोन उदाहरणें मनांत ठेवावीं.

यावर गृहस्थानें करण्यासारखें जें आहे तें अवघड नाहीं. पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि तो बँकेचा किंवा ईमेलचाच नसावा. मोबाईलवर येणारा दुसरा अंक टाकल्याखेरीज दार उघडूं नये अशी दुहेरी ओळख चालू करावी. राऊटरवर पाहुण्यांसाठीं निराळें जाळें करतां येतें. कॅमेरा त्यावर ठेवावा. आपल्याकडेही सरकारनें एप्रिल २०२५ पासून अशा कॅमेऱ्यांची सुरक्षिततेची तपासणी सक्तीची केली आहे. भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक खोक्यावर शोधावा, आणि ब्यूरोच्या मोबाईल अ‍ॅपमध्यें तो घालून खरा आहे कीं नाहीं तें ताडून पाहावें. नांव नसलेला आठशे रुपयांचा कॅमेरा या कसोटीवर बहुधा उतरत नाहीं.

राहिल्या सासूबाई. त्यांचें म्हणणें जुन्या विचारांचें म्हणून उडवून लावतां येत नाहीं, कारण देशांतलें वरिष्ठ न्यायालय त्यांच्या बाजूचें आहे. एकाच वास्तूंत राहणाऱ्या भावांच्या वादांत, एकानें राहत्या भागांत बसविलेले कॅमेरे दुसऱ्याच्या संमतीवांचून चालूं ठेवतां येणार नाहींत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयानें २०२५ सालीं दिला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यावरील अपिलाची मागणी फेटाळली. एकत्र कुटुंबांत राहणारांनीं हा निकाल जरूर समजून घ्यावा. थोरल्या दिरांनीं पैसे भरले एवढ्यानें माजघरावर नजर ठेवण्याचा हक्क त्यांस मिळत नाहीं.

कायद्याची गोष्ट बाजूस ठेविली तरी, स्वयंपाकघरांत कॅमेरा बसल्यावर कोणती सून दुपारीं घटकाभर मोकळेपणानें बसेल? पुण्याहून मुलगा ‘आई, अजून औषध घेतलें नाहींस’ असें कॅमेऱ्यांतून एकदम बोलूं लागला म्हणजे त्या माउलीस काळजी वाटून घेतल्याचें सुख होईल कीं कोणी पाळतीवर असल्याचा धसका बसेल, हें त्यानें तिलाच विचारावें. वडिलांना पडण्याचा धोका असेल, वैद्यांनीं लक्ष ठेवण्यास सांगितलें असेल, तर गोष्ट निराळी. तेथेंही त्यांची स्वतःची संमति घ्यावी, अंगावरचे कपडे बदलण्याची जागा दिसूं नये, आणि कोणी कधीं पाहावयाचें हें ठरलेलें असावें. कामाला येणाऱ्या बाईंना कॅमेरा आहे हें तोंडानें सांगावें. लपवून ठेवलेला कॅमेरा आम्हांस चोरीइतकाच असभ्य वाटतो. आवाज टिपण्याची सोय घरांत बंदच ठेवावी. शेजाऱ्यांचें दार व खिडकी चित्रांत येत असेल तर तेवढा भाग झांकण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. ज्याच्या हातीं आपली किल्ली आहे त्याच्याच खिडकींत डोकावणें बरें दिसत नाहीं.

तेव्हां त्या भगिनींस आमचें उत्तर असें: एकच कॅमेरा, स्थिर, १०८० ओळींचा, बाहेरच्या दारावर, १२८ गीगाबाइटचें टिकाऊ कार्ड, राऊटरला बॅटरी, घरांत कांहीं नाहीं. पाहण्याची परवानगी घरांतल्या दोघांस, आणि त्यांतील एक सासूबाई. पहिल्या आठवड्यांत मांजर, वारा आणि समोर जाळें विणणारा कोळी यांच्यामुळें रात्रभर सूचना येतील. हालचालीची संवेदना कमी करून व फडक्यानें भिंग पुसून तो त्रास ओसरतो. बाहेरगांवीं जाण्याच्या निदान पंधरा दिवस आधीं तो बसवावा, म्हणजे हीं सर्व नाटकें घरीं असतांनाच होऊन जातात.

दाराच्या घंटेंतच कॅमेरा असलेलीं यंत्रें हा निराळा विषय आहे. त्यांविषयीं नाशिक व गोव्याहून आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.