राजीनामा कोणाचा?

माझी भाची हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. गेल्या महिन्यात दुपारी एचआरचा कॉल आला. प्रोजेक्ट संपला, पुढचा नाही, संध्याकाळपर्यंत राजीनामा टाक. नाहीतर टर्मिनेट करू, मग पुढे नोकरी मिळणं अवघड जाईल. मेलचा मजकूरही त्यांनीच पाठवला: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' डोक्यावर घराचा हप्ता. तिने तो जसाच्या तसा पाठवून दिला. रात्री लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा.

मंदी असते, काम खरंच नसतं, माणसं कमी करावी लागतात, हे मला कळतं. पण मग निर्णय घेणाऱ्याने त्याखाली स्वतःची सही करावी. असा राजीनामा घेतला की कागदोपत्री कोणी कोणाला काढलेलंच नसतं. भरपाई वाचते, जाब कोणी विचारत नाही. पुढच्या मुलाखतीत 'नोकरी का सोडली?' याचं उत्तर देत बसायचं ते त्या पोरीने. ही फसवणूक आहे, आणि ती उजळ माथ्याने चालते याची मला चीड येते.

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर कारण लेखी द्या, महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्या, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्या, असं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने बजावलं होतं. शेवटी आलेला आधी जाईल. हा क्रम मोडलात तर त्याचंही कारण नोंदवा. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे ठेवलं आहे.

आयटीतली मुलं म्हणतात, आम्ही कुठले कामगार? चेन्नईत 2015 मध्ये काढलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याच्या खटल्यात कंपनीही तेच म्हणाली होती, हा तर व्यवस्थापक! कामगार न्यायालयाने 2022 मध्ये त्याला कामगार ठरवलं आणि सेवा अखंड धरून परत घ्यायला सांगितलं. पण त्यात सात वर्षं गेली. हप्ते भरत इतकी कळ किती जण काढतील?

म्हणून असा कॉल आला तर तिथल्या तिथे काही लिहून देऊ नका. 'मला काढायचं असेल तर कारणासह पत्र द्या,' एवढंच मेलवर कळवा. दबाव आणला तर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून काढा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.