समच्छेद

गेल्या महिन्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही नांदगांवीं एका आप्तांच्या घरीं उतरलों होतों. घरांतील मुलगी यंदा दहावीस आहे व पुढें विज्ञानशाखेस जाण्याची तिची इच्छा आहे. सायंकाळीं तिच्या वडिलांनीं तिची बीजगणिताची वही आमच्यापुढें टाकली. तींत १/अ आणि १/ब ह्यांची बेरीज २/(अ+ब) अशी मांडलेली होती. "हें हिच्यानें व्हावयाचें नाहीं, विज्ञानाचा नाद सोडलेला बरा," असें ते पाहुण्यांदेखत म्हणाले. मुलगी कांहींएक न बोलतां माजघरांत निघून गेली.

शेर जाऊन लिटर आले, तरी त्या घरांतील आजींच्या तोंडीं अजून शेरच आहे. त्यांनीं नातीस विचारलें, "अग, अच्छेर दूध आणि पावशेर दूध मिळून किती?"

"पाऊण शेर."

"तें कसें?"

"अच्छेराचे दोन पावशेर, त्यांत आणखी एक."

आम्ही तिला म्हटलें, "आतां हाच हिशेब तुझ्या वहींतल्या रीतीनें कर." तिनें १/२ आणि १/४ ह्यांचे अंश मिळविले, छेद मिळविले, उत्तर आलें २/६, म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्या शेरांत दूध ओतलें आणि तें अर्ध्याहून कमी झालें! तिला हसूं आलें, आणि तिनें आपण होऊनच १/अ + १/ब = (अ+ब)/(अ×ब) असें लिहिलें.

छेद म्हणजे तुकड्याचें माप आणि अंश म्हणजे तुकड्यांची गणती. मापें निराळीं असतां गणती एकत्र करतां येत नाहीं. प्रथम माप एक करावें लागतें. अंकांच्या जागीं अक्षरें आलीं म्हणून ह्यांत रतिभर फरक पडत नाहीं.

ही रीत त्या मुलखास नवी नाहीं. नांदगांवाहून भुसावळच्या वाटेवर चाळीसगांव लागतें, व तेथून जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं तेथें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांच्या 'लीलावतीं'त समच्छेदाची रीत दिली आहे: प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशास व छेदास दुसऱ्याच्या छेदानें गुणावें, छेदांत साधारण अवयव असल्यास तो आधीं काढून टाकून उरलेल्यानें गुणावें. मुलीनें दुधाच्या हिशेबांत केलें तें हेंच. दोन आणि चार ह्यांचा गुणाकार करून तिनें आठवे भाग पाडले नाहींत. चौथ्या भागांवरच काम भागविलें.

वहींत दुसरी एक चूक होती, ती अधिक फसवी. ३/(अ−१) मधून २/(अ+१) वजा करावयाचे होते. समच्छेद बरोबर झाला होता: (अ−१)(अ+१). परंतु अंशस्थानीं ३(अ+१) − २(अ−१) ह्याचें तिनें ३अ + ३ − २अ − २, म्हणजे अ + १, केलें. मग (अ+१) छेदांतूनही गेला आणि १/(अ−१) असें सुबक उत्तर उरलें. सुबक म्हणून त्याजवर शंका आली नाहीं. वास्तविक वजाबाकीचें चिन्ह कंसांतल्या दोन्ही पदांस लागतें. म्हणून शेवटीं + २ यावयास हवे होते. खरें उत्तर (अ+५)/(अ²−१). अ च्या जागीं २ घातल्यास मूळ वजाबाकी ३ − २/३, म्हणजे ७/३ येते; खऱ्या उत्तराचेही ७/३च होतात, आणि सुबक उत्तराचा मात्र १ होतो. छेद शून्य होणार नाहीं असा कोणताही लहान अंक घ्यावा. अशा पडताळ्यानें पुष्कळशा चुका घरच्या घरीं सांपडतात.

आमच्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं मुलांची वही पाहतांना उत्तराच्या आधीं त्यांची रीत विचारावी. ह्या मुलीस बुद्धि नव्हती असें नाहीं; जें ती दुधाच्या भांड्यापाशीं जाणत होती, तेंच वहींत आहे हें तिला कोणीं दाखविलें नव्हतें.

निघण्याच्या दिवशीं तिनें दोन्ही उदाहरणें पुन्हां सोडवून वडिलांपुढें ठेविलीं. त्यांनीं तीं दोनदां वाचलीं आणि "पाहूं," एवढेंच म्हटलें. तिच्या शाखेचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.