माणसाशिवायचं सरकार

लोक असतात म्हणून सरकार असतं, असं आपल्याला नागरिकशास्त्रात शिकवलं. मी मॅट्रिक झालो ते हेच घोकून. झूट आहे. हिंदी महासागराच्या मधोमध ब्रिटिशांनी एक मुलूख असा चालवून दाखवला, की ज्याला सरकार होतं, लंडनमध्ये बसणारा आयुक्त होता, कायदेकानू होते, टपालाची तिकिटं होती, 1990 पासून वेगळा झेंडाही होता. नव्हती ती फक्त रयत. म्हणजे होती. हाकलून दिली.

त्या मुलखाचं नाव चागोस. पन्नासेक बेटं, सगळी मिळून जमीन जेमतेम 60 चौरस किलोमीटर. धुळे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल. सगळ्यात मोठं बेट दिएगो गार्सिया. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिककडची गुलाम माणसं तिथं नेली नि नारळाच्या बागा लावल्या. पुढे इंग्रज आले, गुलामी कागदावर संपली, थोडे हिंदी मजूरही गेले. पाचसहा पिढ्या ही माणसं तिथं नारळ सोलत जगली. खोबरं वाळवलं, तेल गाळलं, मासे मारले. त्यांची स्वतःची क्रिओल बोली झाली, गाणी झाली, कबरस्तान झालं. गाव व्हायला आणखी काय लागतं?

8 नोव्हेंबर 1965 ला ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडली. मॉरिशसला स्वातंत्र्य हवं होतं, ते 12 मार्च 1968 ला मिळालं. किंमत आधीच वसूल झाली होती. तीस लाख पौंड हातावर ठेवले नि बेटं काढून घेतली. 1966 साली अमेरिकेशी करार झाला. अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ पाहिजे होता, आणि बेट रिकामं पाहिजे होतं. त्या बदल्यात पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या सौद्यात ब्रिटनला 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट मिळाली. माणसं सवलतीत गेली.

आता खरी मेख बघा. मुलखात कायमचे रहिवासी असले तर संयुक्त राष्ट्रांत त्यांच्या हक्कांचा जाब द्यावा लागतो. मग लंडनच्या साहेबांनी काय केलं? गोळ्या घातल्या नाहीत. शब्द बदलला. ही माणसं रहिवासी नाहीतच, कंत्राटी मजूर आहेत, असं लिहून टाकलं. त्यांचे आपसातले कागद पुढे उघडे पडले. 1966 साली एक बडा साहेब लिहितो, तिथं समुद्रपक्ष्यांशिवाय मूळ रहिवासी उरणार नाहीत. दुसरा जोड देतो, पक्ष्यांबरोबर काही टारझन नि मॅन फ्रायडेही आहेत. शिकलेली माणसं बरं का ही!

मग 1968 ते 1973. दवापाण्याला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं. बेटांवर येणारं सामान आटवलं. 1971 साली तिथली कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुरानं मारली. बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं. दीड-दोन हजार माणसं एकेक पेटी घेऊन जहाजात भरली नि मॉरिशस, सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवली. शेवटच्या जहाजातल्या लोकांनी पोर्ट लुईला उतरायलाच नकार दिला होता. पुढे त्यांच्यातले काही बाप्ये त्याच बंदरात गोदीकामगार झाले.

म्हणून हे मी लिहितोय. मीही गोदीत कंत्राटी आहे. माझ्या छातीवर गेटपास लोंबतो. त्यावर नाव, फोटो, मुदत. मुदत संपली की फाटकावरचा पहारेकरी नाव वाचत नाही, तारीख वाचतो. माझ्या पाळीतला एक म्हातारा मी जन्मायच्या आधीपासून ओझी उचलतोय, कागदावर अजून तात्पुरता. 'तात्पुरता' हा शब्द किती पिढ्या टिकतो, हे आम्हाला कोणी लंडनहून येऊन शिकवायला नको.

आणि खानदेशाला तरी हे नवं आहे का? 1959 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात आपली माणसं तुरुंगात गेली ती कशासाठी? पडीक नि गायरान जमीन कसणाऱ्याचं नाव कागदावर लागावं म्हणून. जळगाव-धुळ्याकडे आजही गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला सरकारी नोटीस 'अतिक्रमणदार' म्हणूनच हाक मारते. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची 33 आदिवासी गावं गेली. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, नंदुरबार 1998 साली वेगळा झाला. सातपुड्यात बापजाद्यांपासून नांगरलेल्या कित्येक शेतांना सातबारा नव्हता. झाले अतिक्रमणदार. माझी आजी म्हणायची, ''कागदवर नाव नही, ते माणूसबी नही.'' तिनं चागोस ऐकलं नव्हतं.

काही मित्र विचारतात, बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं, मग गुलाम करून जिथं नेलं त्या बेटाचा एवढा लळा कशाला? मित्रांनो, सोडणं वेगळं, हाकलणं वेगळं. सोडतो तो आपल्या पायानं जातो. 1931 साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. ते मातीबद्दल नव्हतं. माणूस म्हणून जिथं मोजत नाहीत ती भूमी माझी कशी, हा सवाल होता. चागोसवाले हाच सवाल दुसऱ्या टोकानं विचारताहेत.

आणि त्या विचारत राहिल्या, कारण लढल्या त्या बाया. 1981 साली पोर्ट लुईत ब्रिटिश वकिलातीसमोर बसल्या, तुरुंगात गेल्या. 2000 साली चागोसवाले लंडनच्या हायकोर्टात जिंकले. 2004 साली पार्लमेंटला न विचारता राणीच्या हुकुमानं तो निकाल पुसला. 2008 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी पुसलेलं कायम केलं. 2010 साली तिथला समुद्र राखीव झाला, मासे वाचवायला. मासे रहिवासी ठरले! 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं, बेटं तोडणंच बेकायदा. आमसभेत 116 विरुद्ध 6 मतं पडली, भारताचं मत मॉरिशसच्या बाजूनं. 22 मे 2025 ला करारावर सह्या झाल्या. बेटं मॉरिशसची, पण दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड भाड्यानं. त्या बेटावर परतायचा हक्क करारात नाही. टेबलाशी दोन सरकारं बसली. हाकललेले बसले नाहीत. तिथं जन्मलेल्या दोन बाया त्याच दिवशी कोर्टात गेल्या, काही तासांची स्थगिती मिळाली, ती उठली, सह्या उरकल्या.

आपल्यातले काही या करारावर खूष झाले. गोऱ्याचा झेंडा उतरणार म्हणून. ठीक आहे, उतरू दे. पण मॉरिशसात चागोसवाल्याला 'इल्वा' म्हणजे बेटवाला, हा शब्द वर्षानुवर्षं शिवीसारखा ऐकावा लागला. गिरमिटावर गेलेल्यांच्या मुलखातही कोणीतरी वेशीबाहेर असतोच. आणि आपलं सरकार? मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतानं तीन किलोमीटरची धावपट्टी नि जेट्टी बांधली. 29 फेब्रुवारी 2024 ला दोन पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. हा लष्करी तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. तिथं राहतात तीनेकशे माणसं. त्यांना कोणत्या कागदावर काय लिहिलंय, हे आपण नाही विचारायचं तर कोणी विचारायचं?

म्हणून पुढच्या वेळी मुलूख, सार्वभौमत्व, राष्ट्रहित असे मोठे शब्द कानावर आले की आधी एवढंच विचारा, तिथल्या माणसाला कागदावर काय म्हटलंय? रहिवासी, की मजूर, की अतिक्रमणदार? गायरानाच्या मोर्चात हेच विचारायचं. गोदीच्या फाटकावरही हेच.

जय भीम.