आजोबांची मोटार आणि जुना रंग

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. हृदयवाहिनीत स्टेंट बसवलेला. 1985 च्या सुमारास जपानमधील कामगिरी संपवून परतताना त्यांनी मुलासाठी तामिया कंपनीच्या दोन रेडिओ-नियंत्रित मोटारी आणल्या होत्या, एक ‘ग्रासहॉपर’ आणि एक ‘हॉर्नेट’. आता त्या माळ्यावरून उतरल्या आहेत आणि नातवासाठी त्या नव्याने रंगवण्याचा आजोबांचा संकल्प आहे. ‘‘न्हाणीघराचे दार लावून, थिनरची बाटली उघडून ते तासन्‌तास रंग पुसत बसतात. त्यांना थांबवावे काय?’’ असे भगिनी विचारतात.

थांबवू नये. न्हाणीघर मात्र आजच सोडवावे, आणि थिनरही.

थिनर प्रथम त्या मोटारीचाच घात करील. दोन्ही गाड्या 1984 सालच्या असल्या तरी त्यांच्या कवचांची जात निराळी आहे. ग्रासहॉपरचे कवच कडक पॉलिस्टायरिनचे. त्यावर रंग बाहेरून बसतो. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागताच ते विरघळून चिकट होते. हॉर्नेटचे कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे, रंग आतल्या बाजूने दिलेला. त्यावर तीव्र द्रावक पडले तर बारीक तडे जातात. माझे मत विचाराल तर हॉर्नेटच्या वाटेस जाऊच नये. चाळीस वर्षांचे ते पातळ कवच ठिसूळ झालेले असते, आणि खेळण्याच्या जुनेपणातही एक गंमत असते.

आता माणसाकडे वळू. वयोमानाने घ्राणेंद्रिय मंदावते, आणि तरुण नाकालाही एकाच वासाची थोड्या वेळात सवय होते. ‘मला वास येत नाही’ हे आजोबांचे म्हणणे खरे असले तरी तो सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. बाजारात मिळणाऱ्या काही ‘पेंट रिमूव्हर’मध्ये डायक्लोरोमिथेन असते. ते श्वासावाटे शरीरात गेले की यकृतात त्याचे काही अंशी कार्बन मोनॉक्साइड बनते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ज्याच्या हृदयवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला छातीत कळ येण्यास एवढे पुरे होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे लहान खोलीत ती खालीच साठते. अमेरिकेत न्हाणीघरातले टब खरवडताना कामगार दगावले आहेत. घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यास तेथे 2019 मध्ये बंदी झाली. डब्यावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचावे, आणि हे नाव दिसले तर तो डबा घरात आणू नये.

काही हौशी मंडळी ब्रेक ऑइल वापरतात. रंग सुटतो, हे खरे. पण ते त्वचेस व डोळ्यांस झोंबते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करू शकते. नातवंडांच्या घरात मला ते नको वाटते.

त्यातल्या त्यात सौम्य उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. झाकणाच्या डब्यात कवच बुडवून काही तास, प्रसंगी दिवसभर, ठेवावे आणि मऊ दातब्रशाने हलकेच घासावे. एखादा थर हटवादी निघाला तर पुन्हा भिजवावे. जोर लावू नये. हे काम उघड्या गच्चीवर किंवा हवेशीर गॅलरीत, सावलीत करावे. अल्कोहोल झटकन पेट घेते, म्हणून जवळ समई, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅस, विडी काहीही नसावे. घरात कोणासाठी प्राणवायूचे यंत्र चालू असेल तर त्या खोलीजवळ हा उद्योग मुळीच नको. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. उतारवयातली पातळ त्वचा अल्कोहोलने कोरडी होऊन भेगाळते.

स्टेंटनंतर बहुधा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. अशा व्यक्तीने ब्लेडने रंग खरवडू नये, कारण लहानशी चीरही लवकर थांबत नाही. खाचेतला रंग बांबूच्या काडीने निघतो. पॉलिश कागद ओला करूनच वापरावा, म्हणजे धूळ उडत नाही. याच उत्साहात जुनी पत्र्याची खेळणी किंवा खिडकीचे गज घासायला घेणाऱ्यांना तर विशेष सांगणे आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून आली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. तेथे कोरडे घासणे नकोच.

उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये, ही सूचना घरातल्या सर्वांसाठी आहे. ज्यांचे विस्मरण वाढत आहे, त्यांच्या हाताशी तर मूळ डबाही ठेवू नये. चुकून कोणी प्यायलेच तर उलटी करवू नये. 108 ला बोलवावे आणि डबा सोबत न्यावा.

भगिनींना मी लिहिले आहे : वीस मिनिटांची बैठक, मग विश्रांती. पाठीला आधाराची खुर्ची आणि डावीकडून उजेड. छातीत दडपण, गरगरणे किंवा डोकेदुखी जाणवली तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत यावे. दडपण थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. नातवाने द्रावणाजवळ येऊ नये. पण कवच स्वच्छ पाण्याने धुऊन झाले की भांड्यांच्या साबणाने ते पुन्हा घासणे, चाके पुसणे आणि स्क्रू वाटीत मोजून ठेवणे ही कामे त्याचीच. कवच एक दिवस पूर्ण वाळू द्यावे. नव्या रंगाचा फवारा मारण्याचे प्रकरण निराळे आहे. त्याविषयी पुढील अंकी लिहीन. तोवर आजोबांनी रंगाची निवड करून ठेवण्यास हरकत नाही.