दुरुस्ती वाटेत अडते तेव्हा



बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपणां शाहपूरकरांस नवा नाही. मोगल अमदानीत, सन १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या बाजूने जमिनीखाली झिरपत येणारे पाणी एकत्र करून शहरापर्यंत आणण्याची ही योजना उभी राहिली. एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे ते पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येते. परंतु अशा योजनेचा एक स्वभावच असतो. उगमाशी पाणी कितीही असो, मधली एक जागा गाळाने बुजली की पुढच्या वस्तीच्या घागरी रित्या राहतात. आणि गाळ नेमका कोठे साचला आहे, हे तहानलेल्या मनुष्यास वरून दिसत नाही.

आपल्या खिशातील मोबाइल फोनाची गोष्टही काहीशी अशीच आहे. हा फोन आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. केळीच्या मालाचे पैसे त्यावर जमा होतात, खताच्या दुकानाचे देणे त्यावरून फेडले जाते, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. एका अर्थी घराची तिजोरी आपण खिशात घेऊन फिरत आहो. या तिजोरीच्या आतील रचना मनुष्याने केलेली आहे, म्हणून तीत उणिवा निघतात. उणीव ध्यानात आली की ती बुजविणारी दुरुस्ती तयार होते. तिलाच आपण ‘सिक्युरिटी अपडेट’ म्हणतो. प्रश्न इतकाच की, तयार झालेली ही दुरुस्ती आपल्या फोनापर्यंत पोहोचते केव्हा?

अमेरिकेत या प्रश्नाने मोठा गाजावाजा केला. तेथे पुष्कळ लोक फोन बाजारातून न घेता, सिम देणाऱ्या कंपनीकडूनच करारावर घेत असत. त्यामुळे गूगलने अँड्रॉइडची दुरुस्ती केली की ती प्रथम फोन बनविणाऱ्याकडे जाई, तो ती आपल्या प्रत्येक नमुन्यास जुळवून घेई, मग ती सिम कंपनीकडे तपासणीस जाई, आणि तिची संमती मिळाल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती पडे. या वाटेवर महिनेच्या महिने लोटत. काही फोनांस तर दुरुस्ती कधी मिळालीच नाही. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेने तेथील चार मोठ्या मोबाइल कंपन्यांविरुद्ध सरकारी व्यापार आयोगाकडे याच कारणास्तव तक्रार केली.

या तक्रारीतील धोका दोन वर्षांनी सर्वांच्या प्रत्ययास आला. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची उणीव जाहीर झाली. विशिष्ट तऱ्हेने रचलेली चित्रफीत संदेशातून पाठविली की, फोनाच्या मालकाने ती उघडण्यापूर्वीच परक्यास आत शिरकाव मिळण्याचा संभव होता. सुमारे ९५ कोटी फोन या धोक्याच्या छायेत असल्याचा त्या वेळी अंदाज होता. दुरुस्ती तयार होती; परंतु कोट्यवधी फोनांपर्यंत ती पोहोचली नव्हती. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंग यांनी दरमहा दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फोन बनविणाऱ्या आठ कंपन्यांस, आणि दूरसंचार आयोगाने सिम कंपन्यांस, या विलंबाविषयी खुलासा विचारला.

येथे सिम कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण एकाच पक्षाचे ऐकून न्याय होत नाही. त्यांचे म्हणणे असे की, तपासणीवाचून दुरुस्ती सोडली तर फोन मुका व्हायचा. हे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयफोनासाठी ८.०.१ ही दुरुस्ती सोडली, तेव्हा नव्या आयफोन ६ मधील कित्येक फोनांचे नेटवर्कच नाहीसे झाले, आणि कंपनीस तासाभरात ती मागे घ्यावी लागली. तेव्हा तपासणी हवीच. परंतु तपासणी म्हणजे दिरंगाई नव्हे.

आपल्या देशातही या तीन हातांच्या साखळीचा अनुभव सर्वांनी घेतला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सेवेचा प्रारंभ झाला. पुष्कळांच्या हाती ५जी चालेल असे फोन आधीपासून होते, काही शहरांत कंपन्यांची ५जी सेवाही सुरू झाली होती; तरीही फोनात ५जी उमटेना! मध्ये अपडेट अडले होते. सरकारने १२ ऑक्टोबरला संबंधित कंपन्यांची बैठक बोलाविली. सिम कंपन्यांसमवेत तपासणी चालू आहे, असे अ‍ॅपलचे म्हणणे होते. आयफोनास ते अपडेट डिसेंबरात मिळाले. ती गोष्ट वेगाची होती, म्हणून दोन महिन्यांत कोणाचे फारसे बिघडले नाही. सुरक्षेची दुरुस्ती अशी रखडली तर मात्र गोष्ट निराळी.

ती निराळी का? कारण दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे भगदाड कोठे होते हेही जाहीर होणे. सज्जन ती वाचून भिंत बुजवितो. चोर तीच वाचून ज्यांनी भिंत बुजविली नाही अशांची घरे शोधू लागतो. संगणकांच्या बाबतीत हे २०१७ साली जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’चा हल्ला झाला आणि इंग्लंडातील कित्येक इस्पितळांचे काम ठप्प झाले. मधले जवळजवळ दोन महिने पुष्कळांनी वाया घालविले होते.

आता आपल्या अंगणात पाहू. आपल्याकडे बहुतेक लोक फोन दुकानातून घेतात आणि सिम निराळे घालतात. त्यामुळे आपल्या वाटेवर सिम कंपनीचा अडसर अमेरिकेइतका नाही. आपल्याकडे गाळ साचतो तो बहुधा दोन ठिकाणी: स्वस्त नमुन्यांस दोनतीन वर्षांत विसरून जाणाऱ्या कंपनीकडे, आणि ‘नंतर करू’ म्हणून बटण दाबणाऱ्या आपल्या स्वतःच्या बोटाशी. पहिल्यावर युरोपने उपाय योजला आहे. २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमांप्रमाणे, नमुन्याची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे कंपनीने अपडेट दिले पाहिजेत, आणि सुरक्षेची दुरुस्ती मूळ प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत पोहोचविली पाहिजे. दुसऱ्यावरील उपाय मात्र आपल्याच हाती आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली: फोनाच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ अथवा अँड्रॉइड व्हर्जनखाली सिक्युरिटी अपडेटची तारीख असते, ती पाहावी. ती वर्षदीड वर्षापूर्वीची असेल आणि नवे अपडेट मिळत नसेल, तर त्या फोनावर बँकेचा व्यवहार ठेवू नये. तो बोलण्यापुरता वापरावा.

दुसरी: अपडेटची सूचना आली की त्याच रात्री, फोन चार्जिंगला लावून, ती पुरी करावी. घरातील वृद्धांचे फोन मुलांनी पाहावेत; आजोबांच्या फोनाची काळजी हीही सेवाच आहे.

तिसरी: नवा किंवा जुना फोन घेताना किंमत आणि कॅमेरा विचारतो त्याचबरोबर ‘यास अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार?’ हेही विचारावे. सॅमसंग आणि गूगल यांनी आपल्या काही महाग फोनांस सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोनांचे वचन बहुधा पुष्कळ थोडे असते. गिऱ्हाइके विचारू लागली की दुकानदारही कंपनीस विचारू लागेल.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: अपडेट केवळ फोनाच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. ‘बँकेचे अ‍ॅप अपडेट करा’ असे सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कदापि उघडू नये. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, सरकारी योजना अशा नाना वेषांत हे ठकसेन येतात. चुकून फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेस सांगावे. पैसा थांबविण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो.

कोणी म्हणेल, ‘माझ्या खात्यात आहेच काय, की मी एवढी चिंता वाहावी?’ परंतु फोन एकट्याचा नसतो. त्यात भावाचा, व्याह्यांचा, शेजाऱ्याचा क्रमांक असतो. चोर एकदा आत शिरला की आपल्याच नावाने त्यांच्याकडे पैसे मागतो, आणि आपल्यावरील विश्वासापोटी ते देतातही. आपल्या बांधाला पडलेल्या भगदाडातून शेजाऱ्याच्या बागेत पाणी शिरले तर आपण हात बांधून बसत नाही. मग येथेच का बसावे?

कंपन्यांच्या दिरंगाईविषयी तक्रार अवश्य करावी; ती न्याय्य आहे. परंतु जी दुरुस्ती आपल्या दारापर्यंत येऊन उभी आहे, तिला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवू नये. आज रात्री जेवणे आटोपली की घरातील सर्व फोन एकत्र मांडा आणि प्रत्येकाची तारीख पाहा.