घाटात बंद पडणारे इंजिन
मलकापूरच्या तापल्या सपाटीवरून राजूर घाट चढून बुलढाण्याकडे निघालेली जुनी इंजेक्शनची पेट्रोल कार मध्येच बंद पडते आणि थंडावल्यावर पुन्हा सुरू होते, तेव्हा संशयितांत क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची गती संगणकाला कळवणारे चुंबकीय वेटोळे, अग्रभागी असतो. कारण उष्णतेने त्याची तार आतून तुटक होते, संकेत थांबतो आणि संगणक इंधन व ठिणगी दोन्ही तोडतो. आचके देत दम सोडणाऱ्या इंजिनात मात्र इंधनपंप, त्याचा रिले किंवा तुंबलेला फिल्टर तपासावा लागतो. गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी व इंधनदाब मोजणे अत्यावश्यक आहे. थंड गाडीची तपासणी बहुधा निष्फळ ठरते, आणि अंदाजाने सुटे भाग बदलणे हा ग्राहकावर अन्यायच होय.