देवळालीची डूलाली

गेली काही वर्षे आपल्या नियतकालिकांतून एक विधान इतक्या निःशंकपणे केले जात आहे की, ते पारखून घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ते विधान असे की, लहान प्रमाणावर, कसबाने मद्य तयार करण्याची कला महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात जन्मास आली. त्या वर्षी सुकेतू तळेकर व प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन बिअरकाराच्या साहाय्याने पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात 'डूलाली' ही छोटी बिअरशाळा काढली. मोठ्या कारखान्यांच्या एकसुरी बाटलीऐवजी जागच्या जागी तयार केलेली ताजी बिअर त्यांनी पेल्यात दिली, आणि त्यांच्या मागोमाग पुण्यामुंबईत तशी ठिकाणे निघाली. हे श्रेय त्यांचेच. माझे भांडण त्यांच्या पाठीवर इतरांनी चिकटविलेल्या 'आद्य' या विशेषणाशी आहे.

नावापासूनच पाहा. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत पडून राहत. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी त्यांची डोकी फिरत. म्हणून इंग्रजी बोलीत 'डूलाली' म्हणजे वेडसर. आपल्याच गावाचे नाव विलायतेस जाऊन वेडाचा पर्याय होऊन परत आले, आणि आपण ते कौतुकाने पाटीवर वाचतो! जी गत नावाची, तीच कसबाची.

माझे गाव रहिमतपूर. कोरेगाव तालुक्यातले, ज्वारीच्या मुलखातले. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे पीठ ताकात आंबवून आंबील करीत. त्याच घरात तान्ह्या मुलाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवीत, फडक्यात बांधून मोड आणीत, सावलीत वाळवून, भाजून दळीत. बिअर करणारा जवाचे प्रारंभी जे करतो ते याहून निराळे नाही. जव भिजवून त्याला मोड आणावयाचे, ते वाळवून खुंटवावयाचे, भरडून गरम पाण्यात कालवून पिठाची साखर होऊ द्यावयाची. मग हॉपची कडू फुले घालून उकळावयाचे आणि निवल्यावर किण्व सोडावयाचे. हॉपची वेल परकी, हे कबूल. परंतु मोडाचे मर्म शिकण्यास कोणाही महाराष्ट्रीय आजीबाईस जर्मनी गाठावी लागली नाही. त्या आंबिलीपाशी थांबल्या, इतकेच.

पुढे गेले ते ठाणे, नाशिक, नंदुरबारच्या डोंगरांतले लोक. ताड व शिंदीची ताडी आणि मोहाची दारू ही त्यांच्या लग्नामर्तिकाची आणि देवकार्याची वस्तू होती. (ताडी आंबते, मोह गाळावा लागतो आणि बिअर या दोहोंहून वेगळी, हे मला ठाऊक आहे, पण कसबाची चर्चा करणाऱ्याने एवढ्या भेदावर लपू नये.) १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे काम घराबाहेर काढून सरकार आणि मक्तेदार यांच्या हाती दिले व ताडीच्या झाडांवरील कराचा फास आवळला. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच कायदा आला. जंगलात पडलेले फूल वेचून साठविणारी बाई त्या दिवसापासून संशयित झाली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने स्वराज्यात तेच कुलूप अधिक घट्ट केले. पुण्याच्या बिअरशाळेस परवाना मिळतो तोही याच कायद्याच्या छत्राखाली!

सुज्ञ वाचक म्हणतील, ही दारूची वकिली झाली. मुळीच नव्हे. १९२१-२२ च्या सुमारास ठाणे-नाशिकपासून सुरतेपर्यंतच्या आदिवासींनी 'देवी'ची आज्ञा मानून दारू-ताडी आपणहून सोडली आणि मक्तेदारांची पिठी ओस पाडली. पुढे आपल्या खेड्यापाड्यांतील बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. या दोन्ही गोष्टींपुढे मी मान लववितो. परंतु सोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. हिरावून घेणे ही वेगळी गोष्ट. मोहाची हंडी पोलिसाने फोडावयाची आणि क्लबातील पोलादी पात्रास कलेचे प्रशस्तिपत्र द्यावयाचे, हा भेद नीतीचा म्हणून कोणी सांगू लागल्यास त्याने आपला खिसाही दाखवावा.

शेजाऱ्यांनी काय केले? ज्या २००९ सालाचा एवढा गाजावाजा, त्याच साली गोव्याच्या काजू फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि २०१६ मध्ये गोव्याने तिला वारशाचे पेय ठरविले. मध्य प्रदेशानेही २०२२ साली मोहाच्या दारूस वारसा मानून आदिवासींच्या हाती तिचे उत्पादन देण्याचे ठरविले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहाच्या फुलांचे संकलन व साठवण यांवरील निर्बंध उठविले खरे. पण फूल सुटले आणि हंडी मात्र आरोपीच राहिली.

या विषयाचा इतिहास यापुढे जो कोणी लिहील, त्याने २००९ च्या अगोदर १८७८ व १८९२ ही दोन प्रकरणे घालावीत. आणि परवाने देणाऱ्या खात्याने, मोहाचे काम जाणणाऱ्या डोंगरातील सहकारी मंडळ्यांनी अर्ज केला तर तो पुण्याच्या क्लबास लावलेल्या कसोटीवरच तपासावा.